सरावलेला कान

वारीला प्रथमच निघालेला माणूस पहिल्या मुक्कामाला झोपत नाही. शेजारच्या राहुटीत भजन चाललेले असते, कोणी घोरत असतो, कोणाच्या ट्रकात भांडी आदळत असतात. या कुशीवरून त्या कुशीवर होता होता काकड्याची वेळ होते. चार-पाच मुक्काम पडले की तोच माणूस त्याच गलबल्यात पडशी उशाला घेऊन असा झोपतो की पहाटे हलवून उठवावा लागतो. गलबला तर तेवढाच आहे. मग कमी झाले ते काय?

कोणी म्हणेल, महाराज, चालून दमला म्हणून झोपला. दमला हे खरेच. पण त्याच राहुटीत तान्हे मूल घेऊन आलेली एखादी माउलीही तितकीच दमलेली असते. ती मृदंगाने जागी होत नाही, आणि मूल नुसते कुरकुरले की उठून बसते. म्हणजे कान थकलेला नाही. आत कोणीतरी बसून निवड करीत आहे. हे कामाचे, याला आत सोड. ते रोजचे, त्याला दारातच राहू दे.

आपल्या बोलीत याला सरावणे म्हणतात, अंगवळणी पडणे म्हणतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्यास हॅबिच्युएशन असे नाव आहे, आणि शिकण्याचे जितके प्रकार आहेत त्यांत हा अगदी पायाचा गणला जातो. शिकणे म्हटले की काहीतरी नवे करायला येणे असे आपण समजतो. येथे उलटे आहे. जे निष्फळ ठरले त्याला उत्तर देणे सोडायचे, हेच येथले शिकणे.

यासाठी माणसाचा मेंदूच लागतो असेही नाही. अमेरिकेत जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने कोळ्यांवर प्रयोग केले, ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. कंप पावणारा नादकाटा जवळ धरला की कोळी भिऊन जाळ्यातून खाली पडे. पुन्हा वर येई, पुन्हा नादकाटा, पुन्हा पडे. असे काही वेळा झाल्यावर मात्र तो जागचा हलेना. त्याला उमगले की हा आवाज येतो आणि जातो, पुढे काही होत नाही.

एरिक कँडेल या शास्त्रज्ञांनी तर ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर वर्षानुवर्षे काम केले. मज्जातंतूंचे हे गूढ उकलल्याबद्दल २००० सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. या गोगलगायीच्या पाणी सोडण्याच्या नळीला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला चटकन आत ओढून घेते. तोच स्पर्श दहा-एक वेळा केला की ओढणे मंदावते. थोडा वेळ तिला तसेच सोडले तर ती पुन्हा पूर्ववत होते. पण असा पाठ रोज, चार दिवस दिला तर ते मंदपण आठवडे-आठवडे टिकते. आत काय होते तेही त्यांनी पाहिले. स्पर्श जाणणारी मज्जापेशी पुढच्या पेशीला निरोप देताना जे रासायनिक द्रव्य सोडते, ते दर खेपेस कमी कमी सुटू लागते. निरोप निघतो, पण क्षीण होऊन पोचतो. मग शेपटीला एक जोराचा झटका दिला की विसरलेली जाग एकदम परत येते. स्नायू दमला असता तर अशी परत आली असती काय?

ही देवाची मोठी देणगीच समजली पाहिजे. अंगावरच्या बंडीचा स्पर्श दिवसभर जाणवत राहिला तर माणूस वेडा होईल. तान्ह्या मुलाला तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवले तर ते त्याकडे कमी कमी पाहते आणि नव्याकडे वळते, हे रॉबर्ट फँट्झ यांनी १९६४ साली दाखवले. जुन्यावरून नजर सुटते म्हणून तर मूल नवे शिकते.

आता पुष्कळ जुने वारकरी एक गोष्ट खंतावून बोलतात. पहिल्या वारीत कळस दिसला आणि डोळे भरून आले. आता वीस वर्षे झाली, तसे काही होत नाही, आमची भक्ती आटली काय? आम्हांस वाटते, यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्या दिवशीच्या पाण्यात थोडा वाटा नवलाईचाही होता, आणि नवलाई कोणत्याही गोष्टीची ओसरतेच. नेम नवलाईवर चालत नाही. सरावणे आपोआप घडते, झोपेतही घडते. अभ्यास आपोआप घडत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरण्यासाठी जो अभ्यास सांगितला आहे, तो लक्ष पुन्हा पुन्हा आणून ठेवण्याचा आहे, सुटू देण्याचा नव्हे. हरिपाठ तोंडाने चालला आणि मन बाजारात गेले, तर ते सरावणे झाले. बाजारातून परत आणले, तो अभ्यास.

आमची खरी काळजी दुसरीच आहे. हा आतला द्वारपाल काय गाळतो आहे ते आम्हांस विचारत नाही. वाटेच्या कडेला हात पसरून बसलेला म्हातारा पहिल्या दिवशी दिसतो, पाय अडखळतो. आपण पुढे जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा, पुढे जातो. तिसऱ्या दिवशी पाय अडखळतच नाही, आणि पुढे पुढे तो दिसतही नाही. आम्ही निर्दय झालो असे नव्हे. स्पर्श झाला आणि त्यापुढे काही घडले नाही, एवढाच पाठ आम्ही स्वतःला रोज देत गेलो. चंद्रभागेतली घाणही डोळ्यांना अशीच दिसेनाशी होते.

घरातले तर याहून कठीण. थॉम्पसन आणि स्पेन्सर या दोघांनी १९६६ साली या सरावण्याची लक्षणे एकत्र मांडली, त्यांत एक असे की संवेदना जितकी हलकी तितका तिचा विसर लवकर पडतो. फार जोराची असेल तर पडतही नाही. याचा अर्थ घरी गेल्यावर पाहावा. जो भांडतो, आदळआपट करतो, त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष. आणि माजघरात रात्रभर हळू खोकणारी म्हातारी, काहीच न मागणारी सून, यांचा आवाज सर्वांत आधी गळून जातो. म्हातारीला औषध मिळत नाही ते कोणाच्या वैरामुळे नव्हे. तिचा खोकला भिंतीवरच्या घड्याळासारखा झालेला असतो, आणि घड्याळ बंद पडले म्हणजेच ते इतका वेळ वाजत होते हे ध्यानात येते.

यावर उपाय पुस्तकात शोधत बसण्याचे कारण नाही, आमच्या वाटेवरच आहे. आळंदीच्या पालखीच्या मुक्कामी सायंकाळी समाज आरतीला सगळ्या दिंड्या जमतात. हजारो टाळ वाजत असतात. दिवसभर ऐकून कान असे बधिर झालेले की कोणाचा टाळ कोणता ते कोणाला सांगता येऊ नये. मग चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात सारे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ थांबवीत नाही. दिवसभर वाजत होते तेच टाळ, तोच नाद. आता मात्र साऱ्या तळाला ते ऐकू येतात. कोणी मोठ्याने वाजवावे लागत नाही, बाकीचे थांबतात म्हणून ऐकू येते. आणि इतक्या वर्षांत त्या टाळांना कोणाचा कान सरावला नाही, कारण ते नुसते ऐकून सोडले जात नाहीत. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, काय झाले ते विचारतात, गाऱ्हाणे पुढे मांडले जाते. आरती त्यानंतर.