‘मुक्त आले, १८२१’

१८२८ साली न्यू साउथ वेल्समध्ये शिरगणती झाली. वसाहतीत कोण कैदी म्हणून आलं आणि कोण आपल्या पायांनी, याचीही नोंद तीत व्हायची होती. मेरी रीबी या सिडनीतल्या सधन व्यापारी बाईने स्वतःबद्दल सांगितलं : मुक्त आले, १८२१. ते अगदीच खोटं नव्हतं. १८२० मध्ये ती दोन मुलींना घेऊन इंग्लंडला गेली होती आणि परतली ती उतारू म्हणून. पण त्या किनाऱ्यावर तिचं पाऊल पहिल्यांदा पडलं होतं १७९२ मध्ये, ‘रॉयल ॲडमिरल’ जहाजातून, कैदी म्हणून. त्या नोंदीपाशी मी दर वेळी अडखळते. एवढं मिळवल्यावरही तिला हे का लपवावंसं वाटलं?

लँकेशरची ही पोर मुलाच्या वेशात, जेम्स बरो या नावाने, घोडाचोरीत सापडली तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. शिक्षा सात वर्षं हद्दपारीची. अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्यावर इंग्लंडने आपले कैदी दुसऱ्या गोलार्धात पाठवायला सुरुवात केली होती. घरातला केर उंबऱ्याबाहेर लोटावा, तसा तो विचार होता.

१८१० मध्ये लॅकलन मॅक्वारी गव्हर्नर झाला. (त्याआधी बरीच वर्षं तो मुंबईच्या फौजेत होता.) शिक्षा भोगून झाली की माणसाला त्याची जुनी जागा परत मिळाली पाहिजे, असं तो मानत असे. सुटलेल्या कैद्यांना त्याने आपल्या पंक्तीला बसवलं, काहींना न्यायाधिकारी नेमलं. मला हा त्या काळातला सर्वांत धाडसी विचार वाटतो. प्रतिष्ठित वसाहतवाल्यांना तो रुचला नाही. १८१९ मध्ये लंडनने बिग या अधिकाऱ्याला चौकशीला पाठवलं ते हे बजावूनच की हद्दपारीची दहशत वाटली पाहिजे. मेरीचं ते उत्तर या वाऱ्यातलं आहे.

१८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात पोचले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी तो ‘डाग’ पिढ्यान्‌पिढ्या झाकला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र लोक दप्तरखान्यांत जाऊन आपला कैदी पूर्वज शोधू लागले, तो सापडला की आनंदू लागले. १९९४ पासून मेरी वीस डॉलरच्या नोटेवर आहे : टोपी, चष्मा, शांत चेहरा.

हा बदल मला मनापासून हवासा वाटतो. पण अभिमानाला यशस्वी पूर्वज सोपा जातो. बेड्या घालून रस्ते खोदताना खचलेल्यांची चित्रं नोटांवर आली नाहीत. आणि रीबी कुटुंबाने शेती केली ते हॉक्सबरी नदीचं खोरं धारुग लोकांचं होतं. त्यांनी तर कसलाच गुन्हा केला नव्हता.

नोटेवरच्या आजीपेक्षा मला तिचं एक पत्र जवळचं वाटतं. ऑक्टोबर १७९२. जहाज नुकतंच लागलेलं. पंधरा वर्षांची मेरी इंग्लंडातल्या नातलग बाईला कळवते आहे की लोक तिला जन्मठेप सांगत होते, पण गव्हर्नर म्हणतात सातच वर्षं. आणि दोन-तीन वर्षांत निसटायची संधी ती शोधत राहणार आहे.