फाटकावरचे नाव

पुणे विद्यापीठाच्या आवाराचे १८९७ या सालाशी काही विलक्षण नाते आहे. गणेशखिंडीतली मुख्य इमारत मूळची मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांची, पावसाळी मुक्कामाची. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेगचा अधिकारी रँड तिथूनच निघाला आणि वाटेत चाफेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले वारल्या. पुढे १९४९ साली त्या आवारात विद्यापीठ आले आणि २०१४ साली त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा सरकारने फडताळातून जो कायदा बाहेर काढला, तो साथरोगांचा कायदाही १८९७ चाच!

फाटक बंद झाले. ते बंद करणारे चुकले, असे माझे मुळीच म्हणणे नाही. वसतिगृहात एका खोलीत दोघे-तिघे, खानावळीत मांडीला मांडी लावून पंगत; साथीला याहून सोयीचे घर कोणते? मुले गावोगाव परतली. चारशेहून अधिक एकरांच्या त्या आवारात वडाच्या पारंब्यांखाली कुणी बसेना, जयकर ग्रंथालयात पान उलटल्याचा आवाज येईना. व्याख्याने मात्र चालूच राहिली, मोबाईलच्या चार बोटे रुंद पडद्यावर.

खरी गंमत (तिला गंमत म्हणायचे तर) इथेच आहे. साथीने विद्यापीठ चाळणीत घालून पाखडले. आवश्यक ते ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. आणि आवश्यक म्हणून काय उरले? व्याख्यान आणि परीक्षा. त्या साली सगळा उन्हाळा-पावसाळा वाद चालला तो शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा. राज्य सरकार म्हणे परीक्षा नको, विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे हवी. अखेर २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तारीख पुढे ढकला, पण परीक्षेवाचून पदवी नाही. ग्रंथालयातल्या खुर्चीसाठी किंवा खानावळीतल्या ताटासाठी कुणी एवढे भांडल्याचे निदान माझ्या कानावर आले नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तेव्हा पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.ए. करीत होती. मी स्वतः मॅट्रिकवर थांबलेला मास्तर; त्यामुळे माझ्या वर्गातली पोर एम.ए.ला गेली याचा अभिमान तिच्यापेक्षा मलाच अधिक. ती गावी परतली. घर दोन खोल्यांचे, माणसे सात. फोन एकच, तो धाकट्या भावाच्या शाळेलाही लागायचा. रेंज हवी तर गोठ्यामागच्या उकिरड्यावर चढायचे. शिवाय मुलगी घरात बसलेली दिसली की चुलीपासून पाण्यापर्यंतची कामे तिला आपोआप शोधत येतात. मला म्हणाली, “गुरुजी, तिथे मी विद्यार्थिनी होते. इथे मी नुसती मुलगी आहे.”

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. नियम सर्वांना एकच होता: घरी बसा. परंतु घर सर्वांचे एक नव्हते. तिच्याच वर्गातल्या एखाद्या मुलाला घरी स्वतंत्र खोली, टेबल, वेळेवर चहा. त्याचे विद्यापीठ फारसे हललेच नाही. आवारात ही दोघे एका बाकावर बसत, एकाच कपाटातले पुस्तक घेत. बापाची ऐपत फाटकाबाहेर ठेवून येण्याची सोय, मला वाटते, हीच त्या आवाराची मोठी देणगी होती, आणि नेमकी तीच अनावश्यकांत गेली. ‘कमवा व शिका’ योजनेत रोज दोन-तीन तास राबून जेवणाचा खर्च भागवणाऱ्या मुलांचे तर काय सांगावे! आवारच ओस पडल्यावर ते काम कुठून असणार?

कुणी म्हणेल, जीव मोठा की बाक? जीवच मोठा. पण सावित्रीबाईंची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याचा प्लेगचा दवाखाना वस्तीपासून दूर, माळावर होता. म्हणजे रोगी वेगळा ठेवावा हे त्यांनाही मान्यच होते. रँडचे सोजीरही माणसे वेगळीच काढीत, घरात घुसून, देवघर बाटवून. फरक अंतरात नव्हता. मुंढव्याचा एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन त्या माळापर्यंत नेला, आणि तो आजार त्यांना भोवला. दूर ठेवायचे ते माणूस, पण दूर नेताना त्याचे ओझे कुणी उचलायचे, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवला होता. २०२० साली आपण मुलांना दूर पाठवले, आणि ओझेही त्यांच्याच पाठीवर दिले.

काही प्राध्यापकांनी आपल्या पदरचे पैसे घालून मुलांचे रिचार्ज भरले, काहींनी नोटा टपालाने धाडल्या. असे लोक मला ठाऊक आहेत. पण ती त्यांची माया झाली. व्यवस्थेच्या खात्यावर ती कशी मांडणार?

महाविद्यालये पुन्हा उघडली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये, तीही लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी. तोवर माझ्या विद्यार्थिनीचे एम.ए. पुरे झाले होते. गुण चांगले पडले. गुणपत्रिका आणायला ती पुण्याला गेली, तेव्हा ग्रंथालयाचे ओळखपत्र परत करायचे होते. ते तिने केले नाही. अजून तिच्यापाशी आहे.