पाच कारणं आणि एक फिल्टर

8 जुलै 2022 च्या पहाटे कॅनडात रॉजर्स या कंपनीचं जाळं कोसळलं. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांचे मोबाइल, घरचं इंटरनेट आणि लँडलाइन एकाच वेळी बंद पडले. देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार चालवणारी इंटरॅक ही यंत्रणाही रॉजर्सवर अवलंबून होती, त्यामुळे दुकानांत कार्ड चालेनात. सगळ्यात गंभीर प्रकार 911 या आपत्कालीन क्रमांकाचा झाला. मोबाइलचे टॉवर चालू होते, पण त्यांच्या मागचं मुख्य जाळं मेलेलं. फोनला रेंज दिसत असल्यामुळे तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरकडे वळत नव्हता. मदतीसाठी लावलेले अनेक फोन लागलेच नाहीत.

हे कुणी केलं? तांत्रिक उत्तर दोन वाक्यांत मावतं. कंपनीच्या मुख्य जाळ्यात सुधारणा चालू होती आणि त्या कामात कर्मचाऱ्यांनी काही राउटरच्या रचनेतून एक फिल्टर काढून टाकला. बाहेरच्या इंटरनेटचे असंख्य मार्ग त्या फिल्टरमुळे अडून राहत होते. तो निघताच ते सगळे मुख्य जाळ्याच्या, म्हणजे कोअरच्या, राउटरवर आदळले आणि राउटर कोलमडले.

पण ‘कुणी केलं’ हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाहीच. कृतीचा कर्ता कोण, हा भारतीय विचारातला फार जुना प्रश्न आहे, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याला थेट हात घातलेला आहे. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो, ते योग्य असो वा अयोग्य, त्यामागे पाच कारणं असतात, असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पाच असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो, त्याची दृष्टी गीतेने सदोष ठरवली आहे. परंपरेने अधिष्ठान म्हणजे देह आणि करण म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावला. पण ही विभागणी रॉजर्सच्या त्या पहाटेला लावून पाहिली, तर चौकशी कुठे कुठे पोचायला हवी ते स्पष्ट दिसतं.

अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर सगळं उभं होतं ते. इथे मोबाइल आणि घरगुती इंटरनेट या दोन्ही सेवा एकाच कोअरवर उभ्या होत्या, म्हणून एक कोसळली तेव्हा दुसरीही गेली. करण म्हणजे साधनं. अचानक आलेला लोंढा थोपवणारी मर्यादा त्या कोअर राउटरवर घातलेली नव्हती. चेष्टा म्हणजे कामाची रीत आणि त्याचे टप्पे. कर्ता या सगळ्यांत एक. फिल्टर काढणारे हात त्याचे होते हे खरं, पण एका आज्ञेने देशाचा कणा मोडेल अशी व्यवस्था त्याने उभारलेली नव्हती.

यातल्या चेष्टेपाशी थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट तिथे आहे. कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने झोना पार्टनर्स या संस्थेकडून चौकशी करवून घेतली. तिच्या अहवालानुसार हे काम सात टप्प्यांचं होतं. सुरुवातीला त्याची जोखीम ‘उच्च’ ठरवलेली होती. आधीचे टप्पे सुरळीत पार पडत गेले, आणि कंपनीच्या जोखीम मोजणाऱ्या प्रणालीने सहाव्या टप्प्यासाठी ती ‘कमी’ केली. जाळं कोसळलं ते याच सहाव्या टप्प्यात.

पाच वेळा काही झालं नाही, म्हणून सहाव्यांदाही होणार नाही: हे अनुमान टिकतं का? न्यायशास्त्राने, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राने, यावर मोठा खल केला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ आणि त्यावरची स्वतःची ‘दीपिका’ लिहिली. संस्कृत शिकणारे महाराष्ट्रातले कितीतरी विद्यार्थी तर्कशास्त्राची सुरुवात याच पुस्तकाने करत आले. दोन गोष्टी शंभर ठिकाणी एकत्र दिसल्या, तरी तेवढ्यावरून नियम सिद्ध होत नाही, असं दीपिकेत दाखवलं आहे. उदाहरण हिऱ्याचं आहे. पृथ्वीतत्त्वाच्या वस्तूंवर लोखंडाने ओरखडा उठतो हे शेकडो वेळा पाहिलं, तरी हिरा पृथ्वीतत्त्वाचाच असून त्यावर तो उठत नाही. नुसतं पुन्हा पुन्हा पाहणं पुरत नाही. नियम मोडणारं उदाहरण कुठे नाही, हेही कळायला हवं. जोखीम मोजणाऱ्या प्रणालीने ही दुसरी बाजू तपासलीच नाही. आधीच्या टप्प्यांचं यश हा सहाव्याच्या सुरक्षिततेचा पुरावा नव्हता. तो टप्पा हिरा निघाला.

जाळं कोसळल्यानंतरचे तास ‘कारण’ या शब्दाचा कस पाहणारे होते. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन आणि जाळ्यावर नजर ठेवण्याची साधनं त्याच जाळ्यावर चालत होती. त्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलता येईना आणि राउटरचे लॉगही उघडता येईनात. कारण हाती लागायला सुमारे 14 तास गेले.

न्यायाची अन्वय-व्यतिरेकाची पद्धत नेटवर्कचे लोक रोज वापरतात. काय बदललं तेव्हा बिघडलं, आणि तो बदल मागे घेतला की सुधरतं का, एवढंच ते पाहत असतात. इथे मात्र पाहण्याचं साधनच बिघाडात गेलं होतं. फेसबुकचीही 4 ऑक्टोबर 2021 ला हीच गत झाली. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीचं सगळं अंतर्गत जाळं तुटलं. अशी आज्ञा अडवणारं तपासणीचं साधन होतं, पण त्यातच दोष होता. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं आणि भारतात रात्री नऊनंतर गेलेलं व्हॉट्सअॅप मध्यरात्र उलटल्यावर परत आलं.

अमेरिकेतले भूलतज्ज्ञ रिचर्ड कुक यांनी 1998 साली गुंतागुंतीच्या व्यवस्था कशा कोसळतात यावर एक छोटा निबंध लिहिला. अपघातानंतर एकच ‘मूळ कारण’ ठरवणं मुळातच चूक आहे, असं त्यात ते सांगतात. शस्त्रक्रियागृहातल्या अनुभवातून आलेला हा विचार पुढे नेटवर्कच्या जगाने आपलासा केला. गुगलच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तर बिघाडाची चौकशी कुणावरही ठपका न ठेवता कशी करावी, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. माणसाला शिक्षेची भीती असेल तर तो खरं सांगणार नाही, आणि खरं कळलं नाही तर तोच बिघाड पुन्हा होईल, हा त्यामागचा सरळ हिशेब.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. पाच कारणांत दोष वाटून दिला की तो कुणाचाच उरत नाही. गीतेतला त्यापुढचा श्लोक तर अधिकच अवघड आहे: ज्याच्या ठायी ‘मी करतो’ हा भाव नाही, तो मारूनही बांधला जात नाही, असा त्याचा आशय. कुणी याच्या आड लपलं तर?

लपता येणार नाही. तो श्लोक अहंकार गळून पडलेल्या माणसाबद्दल आहे. नफ्या-तोट्याचा हिशेब ठेवणाऱ्या, सेवेची किंमत वसूल करणाऱ्या संस्थेला ती सवलत मागता येत नाही. कर्त्यावरचा दोष हलका होतो तेव्हा तो नाहीसा होत नसतो, तो अधिष्ठान आणि साधनं ठरवणाऱ्यांकडे सरकतो. फिल्टर काढणाऱ्या हाताला क्षमा असावी. दोन्ही सेवा एकाच कोअरवर ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना मात्र उत्तर द्यावंच लागेल. रॉजर्सने नंतर दोन्ही सेवांचे कोअर वेगळे करण्याचं जाहीर केलं. म्हणजे दोष कुठे होता हे कंपनीलाही मान्य झालं.

उरलं पाचवं कारण. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता असं सांगतात, सर्वसामान्य वाचक नशीब समजतो. कसंही घेतलं तरी ते कर्त्याच्या ताब्याबाहेरचं आहे. 28 मार्च 2011 ला जॉर्जियात तांब्याची तार शोधत खणणाऱ्या 75 वर्षांच्या एका बाईच्या कुदळीने फायबर केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनियाचं बहुतेक इंटरनेट कित्येक तास बंद पडलं. पावसाने किंवा दरडीने ती केबल उघडी पडली असावी, असं केबलच्या मालक कंपनीचं म्हणणं होतं. अटक त्या बाईला झाली. पाऊस दैवाचा मानता येईल, पण अख्ख्या देशाचा भार प्रामुख्याने एका वाटेवर टाकणं हे माणसांनी ठरवलं होतं. ते दैवाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे, आणि त्या म्हातारीच्या माथी मारणं त्याहून अन्यायाचं.

भारतात हा भेद आता नियमांत आला आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2024 च्या नियमांनुसार जिल्हा पातळीवरची सेवा 24 तासांहून अधिक बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत द्यावी लागते. नैसर्गिक आपत्तीने पडलेला खंड यातून वगळलेला आहे. हा अपवाद रास्त आहे. पण आपत्ती कुठे संपली आणि हलगर्जी कुठे सुरू झाली, हे ठरवायला चौकशीचा अहवाल लोकांसमोर हवा. भरपाईचे चार-दोन रुपये पदरात पडले म्हणून ग्राहकाने समाधान मानू नये. सेवा का गेली, पर्यायी वाट होती का आणि नसेल तर ती का नव्हती, याचं लेखी, जाहीर उत्तर त्याने कंपनीकडे आणि नियामकाकडे मागावं.