चूर्णाला कोणी कारण विचारत नाही

मुरगूडला आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तीन गोष्टी शेजारी शेजारी असतात. आईची थायरॉईडची गोळी, अप्पांची बीपीची गोळी आणि अश्वगंधा चूर्णाचा डबा. माझी एस्सिटालोप्राम मात्र लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या पाउचमध्ये असायची.

पुण्यात नोकरीच्या तिसऱ्या वर्षी डिप्रेशनचं निदान झालं. डॉक्टरांनी रोज १० मिलिग्रॅमची गोळी दिली. सुरुवातीला मळमळ, मग झोप बिघडली, पण दोनेक महिन्यांत सकाळी उठावंसं वाटू लागलं. वर्षभराने वर्क फ्रॉम होम मिळालं म्हणून गावी आलो आणि आईला पाउच सापडला.

"आरं, ह्या डोक्याच्या गोळ्या. सवय लागंल बघ. त्यापरीस हे चूर्ण घे. झाडपाल्याला साईड इफेक्ट नसतोय."

मला ते पटलं. ऑफिसात मी रिव्ह्यूशिवाय चालू सर्व्हरवर एक ओळही टाकत नाही. पण त्या रात्री कोणालाही न विचारता गोळी बंद केली आणि दुधात चूर्ण घालून प्यायलो.

तिसऱ्या दिवशी सर पिराजीराव तलावाकडे फिरायला गेलो होतो. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका यायचा, पायाखालची जमीन हलायची. रात्री झोप नाही. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी अप्पांसमोर ताट सरकवलं. आजार परत आला, असंच मी धरून चाललो.

पाचव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. ते रागावले नाहीत. म्हणाले, हे बहुतेक गोळी अचानक तोडल्याचं आहे. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण ३० तासांत निम्मं होतं. मेंदूला जुळवून घ्यायला वेळ हवा असतो, तो तू दिला नाहीस. गोळी पुन्हा सुरू केली. पुढे बऱ्याच महिन्यांनी, त्यांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने कमी केली.

झाडपाला म्हणजे निर्धोक, हे आपण इतक्या सहज कसं मानतो? याचं उत्तर देणारी एक गोष्ट मुंबईतच घडली आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खोल उदास होऊ लागले. रिसर्पिनमुळे मेंदूतलं सेरोटोनिन घटतं, हेही लवकरच दिसलं. अँटीडिप्रेसंटमागच्या सुरुवातीच्या विचाराला अशा निरीक्षणांतून बळ मिळालं. म्हणजे मुळीत औषधाची ताकद होती आणि त्याच ताकदीत धोकाही होता. जे खरोखर काम करतं, ते कुठेतरी त्रासही देऊ शकतं.

अश्वगंधाने गुंगी येऊ शकते, थायरॉईडचं प्रमाण बदलू शकतं, क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट तर अँटीडिप्रेसंटसोबत घेतलं, तर सेरोटोनिन जास्त होऊन थरथर, ताप, घाबरटपणा येऊ शकतो. प्रकरण जिवावरही बेतू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ते कमी करतं.

पण आईचा संशय अगदीच खोटा होता, असं मी म्हणणार नाही. या गोळ्या सोडताना होणारा त्रास किरकोळ, आठवड्या-दोन आठवड्यांचा, असंच अनेक वर्षं सांगितलं जायचं. काहींना तो तीव्र आणि लांबलेला असतो, हे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सने २०१९ मध्ये मान्य केलं. ज्यांना त्रास झाला त्यांचं ऐकायला इतका उशीर लागला, तर माणसं डब्याकडे वळणारच.

मग चूक कोणाची? प्रेमाने दिलेला सल्ला चुकला तर जबाबदारी कोणाची? मी खूप दिवस मनातल्या मनात आईवर ढकलत राहिलो. पण आईला जेवढं माहीत होतं, तेवढं तिने सांगितलं. दडवलं मी. डॉक्टरांना चूर्ण सांगितलं नाही, आईला आजार सांगितला नाही. आणि खरं सांगायचं तर मी चूर्ण निवडलं ते सुरक्षित म्हणून नव्हे. ते फळीवर उघडं ठेवता येत होतं म्हणून. गोळी घेणारा वेडा ठरतो, चूर्ण घेणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. मी उपचार बदलत नव्हतो, लाज लपवत होतो. ज्याच्यापासून आपण आजार लपवतो, त्याच्याकडून नीट सल्ल्याची अपेक्षा कशी करायची?

मागच्या दिवाळीत आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मला आधी का न्हाई बोललास?" मी विचारलं, "आणि तू थायरॉईडच्या डॉक्टरांना चूर्णाचं सांगितलंयस?" नव्हतं सांगितलं. गेली नऊ वर्षं ती गोळी घेते, वर्षभर रोज ते चूर्णही.

पुढच्या तपासणीला तिने डबाच पिशवीत घालून नेला. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे पण घेत्ये मी."