किती सांगू?



यंदा पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी पहिली मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत कपडे बदलत होतो. दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी देवाघरी गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "फादर, ट्रॅक्टर काढायचा आहे. किती सांगू?"

पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्या परवानगीने. आकडे मी बदलले आहेत. त्यांना तसे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "ओळखणारे ओळखतीलच, फादर. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

मी घाईत होतो. दुसऱ्या मिस्सेची घंटा व्हायची होती. मी म्हणालो, "बाजारात जो भाव चालतो तो सांगा." उत्तर चुकीचे नव्हते, पण निरुपयोगी होते. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तसं नाही, फादर. आणखी एक गोष्ट आहे."

ट्रॅक्टर २०१० सालचा. आपल्या राजोडीतल्या वाड्या लहान, केळी आणि भाजीपाल्याच्या. घरच्या वाडीपुरता ट्रॅक्टर कोणाला परवडतो? म्हणून त्यांचे यजमान तो भाड्याने चालवीत. पावसाळ्यात आसपासच्या गावांतून भाताची चिखलणी, एरवी ट्रॉलीला माती, विटा, खत. चिखल आणि खारी हवा या दोन्ही गोष्टी लोखंडाला खातात हे समुद्राकाठच्या माणसाला सांगायला नको. यजमानांनी शेवटच्या हंगामात घरी बोलून दाखवले होते की मागची हायड्रॉलिक लिफ्ट दमली आहे. ट्रॅक्टर थंड असताना ती अवजार झकास उचलते. तासभर काम होऊन तेल तापले की उचललेले अवजार हळूहळू खाली बसू लागते. हे घरातल्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. होते ते फक्त एका दलालाला. त्याने बाईंना सल्ला दिला होता : "गिऱ्हाइकाला सकाळीच बोलवा. दहा मिनिटं चालवून दाखवा आणि बंद करा." तासांचे मीटर कित्येक वर्षे बंद पडलेले. तेही बदलून घेऊ, कमी तासांचे बसवू, आणि बॉनेटला रंग मारू, असे त्याचे म्हणणे.

म्हणजे "किती सांगू?" या प्रश्नात दोन प्रश्न होते. किंमत किती सांगू, हा एक. आणि खरे किती सांगू, हा दुसरा. माझ्या ध्यानात पहिलाच आला होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिया'तला खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीचा प्रश्न अभ्यासाला होता. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातला तो ७७वा प्रश्न. खरे सांगायचे तर तेव्हा मला तो कोरडा वाटला. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. त्या रात्री पुस्तक पुन्हा काढले. १३व्या शतकातल्या त्या संताने घोडे आणि धान्य यांच्याबद्दल लिहिले आहे, पण वाचताना मला बाईंच्या अंगणातला ट्रॅक्टरच दिसत होता.

आधी किंमतीचे पाहू. आपल्या आया-आज्या पहाटेच्या लोकलने भाजी, केळी आणि फुले घेऊन मुंबईच्या बाजारात जात. शंभर सांगायचे आणि सत्तरला द्यायचे, हे टोपलीमागच्या बाईलाही माहीत आणि टोपलीपुढच्या बाईलाही. दोघींना खेळ ठाऊक असेल तर त्यात फसवणूक कोणाची? सांगितलेली किंमत ही बोलणे सुरू करण्याची जागा असते. तेव्हा बाईंनी दोन लाख साठ हजार सांगितले आणि मनात सव्वादोन लाख धरले, तर कन्फेशनला येण्याचे कारण नाही. पण "काल एकजण अडीच देत होता" असे म्हटले आणि काल कोणीच आले नव्हते, तर ते खोटे बोलणे आहे. घासाघिशीत हे दोन्ही इतके मिसळून जाते की आपले आपल्यालाही कळत नाही.

घेणाऱ्यांनीही छाती फुगवू नये. 'वाईट आहे, वाईट आहे' असे म्हणत माल पाडून मागायचा आणि घेऊन निघाल्यावर आपल्याच हुशारीची बढाई मारायची, या गिऱ्हाइकाला नीतिसूत्रांच्या २०व्या अध्यायाने केव्हाच ओळखले आहे. विधवेच्या दारात उभे राहून "बाई, आता हे चालवणार कोण?" असे म्हणणाराही त्याच जातीचा.

मग खरी किंमत कोणती? ती ट्रॅक्टरच्या आत कुठे कोरलेली नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. सात लाख मूळ किमतीच्या नव्या ट्रॅक्टरचा कर ८४ हजारांवरून ३५ हजारांवर आला. नवाच ४९ हजारांनी स्वस्त झाला म्हटल्यावर जुन्याला आदल्या दिवशीचा भाव कोण देणार? अंगणातल्या ट्रॅक्टरचा एक बोल्टही बदलला नव्हता. संत थॉमसही म्हणतात की न्याय्य किंमत काट्यावर तोलून काढता येत नाही. ती एक प्रकारचा अंदाज असते, आणि थोडेफार इकडेतिकडे झाल्याने न्याय बिघडत नाही.

पण अंदाज म्हणजे मनाला येईल ते नव्हे. लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात जमीन विकण्याचा एक नियम आहे, तो मला फार आवडतो. जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ मालकाकडे परत जायची. म्हणून तोवर किती पिके निघतील ती मोजायची आणि त्यावर किंमत ठरवायची. विकायची ती पिके. जुन्या ट्रॅक्टरचेही तेच. घेणारा लोखंड विकत घेत नाही, उरलेले तास विकत घेतो. इंजिन उघडायची वेळ येण्याआधी किती चिखलण्या होतील, ते तो घेतो. असे पाहिले की मीटर बदलणे म्हणजे काय, ते लख्ख दिसते. माप लहान करून आणि तराजूत खोट करून गरिबाला धान्य विकणाऱ्यांवर संदेष्टा आमोस कडाडला होता. तासांचे मीटर हेही मापच आहे. यावर मला फार विचार करावा लागला नाही. बाईंनाही लागला नव्हता. दलालाला त्यांनी मीटरबद्दल तिथल्या तिथे नाही म्हटले होते.

अडचण होती ती लिफ्टची. कारण तिथे खोटे बोलायचे नव्हते, नुसते गप्प बसायचे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतोच.

संत थॉमस इथे घोड्याचे उदाहरण देतात. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर विकणाऱ्याने ते मुद्दाम सांगायला नको, किंमत तेवढी उतरवली म्हणजे झाले. दोष समोर दिसतो आहे. टायर झिजले आहेत, रंग उडाला आहे, हे गिऱ्हाईक पाहून घेईल. पण जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला इजा होईल, तो सांगितलाच पाहिजे. उचललेले अवजार खाली येत असेल आणि मागे कोणी पिन बसवायला वाकला असेल, तर पुढे काय होईल ते शेतकऱ्याला समजावायला नको.

"मग मी काय पाटी लावू का, लिफ्ट खराब म्हणून?" बाईंनी विचारले. गंमत अशी की हाच आक्षेप संत थॉमस यांनी स्वतःच घेऊन ठेवला आहे. दवंडी पिटून आपल्या मालाचे दोष कोण सांगतो? त्यांचे उत्तर असे : दवंडी पिटू नये. दोष ऐकून लोक दुरूनच परत फिरतील आणि मालातले चांगले त्यांना दिसणारच नाही. पण जो माणूस घ्यायला पुढे येईल त्याला एकट्याला सांगावे, म्हणजे तो गुण आणि दोष दोन्ही समोर ठेवून विचार करील.

घ्यायला आला तो वाड्याकडचा एक तरुण. बायकोचे डाग गहाण ठेवून, थोडे बचत गटातून उचलून पैसे जमवलेले. पाऊस तोंडावर, त्याला ट्रॅक्टर आठवड्यात हवा होता. अडला हरी म्हणतात तसा. दलालाने हे हेरले आणि बाईंना म्हणाला, "आणखी वीस हजार वाढवा. तो देणार."

हेही संत थॉमस यांनी पाहून ठेवले आहे. एखादी वस्तू हातची गेल्याने आपले नुकसान होणार असेल, तर आपण तिचे थोडे जास्त मागू शकतो, कारण ते नुकसान आपले आहे. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून जास्त मागता येत नाही. त्याची गरज त्याची आहे. जे आपले नाही ते विकायचे कसे? मला वाटते, आपल्या वसईच्या पट्ट्यात जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावे. पण तो विषय मोठा आहे, त्याला वेगळा रविवार लागेल.

त्या दिवशी बाईंनी त्या तरुणाला आणि त्याच्या मेकॅनिकला सकाळी परत जाऊ दिले नाही. ट्रॅक्टर चालू ठेवायला सांगितला. चहा दिला, मग जेवायला वाढले. दुपारी तेल तापल्यावर म्हणाल्या, "आता लिफ्ट उचला." अवजार वर गेले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसत गेले. तरुण बराच वेळ बोलला नाही. सौदा दोन लाख पाच हजारांवर मिटला. दलाल चहाही न पिता निघून गेला.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा सॅक्रिस्टीच्या दारात. म्हणाल्या, "पंचावन्न हजार कमी आले, फादर. खरं बोलल्याचे गेले ना ते?" मुलीच्या फीचा भरणा जवळ आला होता, हे मला माहीत होते. पुस्तकातले उत्तर मला ठाऊक होते : काही घासाघिशीत गेले असतील, पण लिफ्टपायी जे गेले ते त्यांचे कधी नव्हतेच, ते त्या पोराचे होते. पण हातात हिशेबाची वही घेऊन उभ्या असलेल्या बाईंच्या तोंडावर ते बोलायचा धीर मला झाला नाही. मी "बघू" म्हणालो आणि फीची तारीख विचारून घेतली. आज इथे लिहितो आहे, कारण त्या हे पत्रक वाचतील आणि मला तोंड चुकवता येणार नाही.

जाता जाता एक काम. ट्रॅक्टर अजून यजमानांच्या नावावर आहे. आधी तो वारस म्हणून बाईंच्या नावावर करून मग पुढे नावे करायचा आहे. १५ वर्षे झाल्याने नोंदणीचे नूतनीकरण राहिले आहे, आणि आरसी बुकावरचा बँकेचा जुना बोजाही उतरवायचा आहे. आरटीओच्या कागदपत्रांची माहिती असलेल्या कोणी या आठवड्यात अर्धा दिवस त्यांच्याबरोबर जायची तयारी असेल, तर मिस्सेनंतर मला भेटावे.

आपला,
धर्मगुरू