धरलेल्या हाताचे नाव काय?

सुऱ्याचा हात धरणे ही हिंसा की अहिंसा? साताऱ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही.

महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारचे भि. दा. भिलारे गुरुजी शेवटपर्यंत सांगत राहिले : जुलै 1944 मध्ये पाचगणीत गांधीजींवर सुरा घेऊन धावलेल्या नथुराम गोडसेला आपण अडवले, हात पिरगाळून सुरा काढून घेतला. कपूर आयोगापुढे हा हल्ला सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवे. पण प्रश्न उरतोच. ज्याला वाचवायचे तो अहिंसेचा उपासक, आणि वाचवायचे तर कुणाचा तरी हात पिरगाळावा लागणार! तेव्हा वाळवा साताऱ्यातच होता, आणि तिकडे पत्री सरकार इंग्रजांविरुद्ध हाती बंदुका घेऊन लढत होते. भित्रेपणापेक्षा हिंसा बरी, असे खुद्द गांधीजींनी 1920 मध्येच लिहून ठेवले होते.

साताऱ्याच्याच जावळीतल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे वाटसरू नव्हते. पोलीस होते, लष्करातून निवृत्त होऊन आलेले. तरी 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात होती ती फक्त लाठी. मुंबईवर हल्ला करणाऱ्या अतिरेक्यांपैकी एक असलेल्या कसाबच्या रायफलची नळी त्यांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सुटू दिली नाही. सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. 2009 मध्ये ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

गीतेतल्या अर्जुनाला विचार करायला अठरा अध्याय मिळाले. ओंबळे यांना काही क्षण. त्यांना स्वधर्म आठवला असेल, असे म्हणणे जरा पंडिती वाटते. विचार आधी हाताने केला असावा.