दांडीवरची झोप आणि वासनेचे जागरण

कोंबडीच्या पिलाला रात्री दांडीवर झोपायला कोण शिकवते, हा प्रश्न वरकरणी पशुपालनाचा दिसत असला तरी भारतीय दर्शनांतील एका जुन्या वादाशी त्याचा थेट संबंध आहे. नवजात जिवाच्या ठिकाणी न शिकता दिसणाऱ्या प्रवृत्तीचे मूळ न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात पूर्वजन्मात शोधलेले आहे. नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाला स्तनपानाची ओढ असते, अशी ओढ पूर्वानुभवाच्या स्मरणावाचून संभवत नाही, आणि या जन्मात तसा अनुभव आलेला नसल्यामुळे तो मागील जन्मातला मानावा लागतो, म्हणून आत्मा नित्य आहे, असा तो युक्तिवाद होय. पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे मत, लोखंड आणि चुंबक यांचा दाखला देतो आणि अर्भकाची ओढही तशीच निव्वळ स्वभावाची ठरवतो. त्यावर सूत्रकारांचे उत्तर असे की लोखंडही चुंबकाकडेच जाते, अन्य कशाकडे जात नाही, तेव्हा त्या नियमालाही काही कारण असलेच पाहिजे.

योगदर्शनात हाच विचार ‘वासना’ या संज्ञेने येतो. पूर्वानुभवाचा चित्तात उरलेला सुप्त ठसा म्हणजे वासना. योगसूत्रांच्या चौथ्या पादावरील व्यासभाष्यात मांजराच्या जन्माचे उदाहरण आहे: मध्ये शेकडो जन्म गेले, देश आणि काळ यांचे कितीही अंतर पडले, तरी तो जन्म पुन्हा लाभताच त्याला साजेशाच वासना प्रकट होतात. मांजराच्या जागी कोंबडी ठेवली तर या सिद्धांताची परीक्षा घेण्याची चांगली सोय होते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा आजही अंधार पडण्यापूर्वी झाडाच्या फांदीवर चढून बसतो, कारण जमिनीवर झोपलेला पक्षी कोल्ह्या-मुंगसांच्या तोंडी सहज लागतो. आणि माणसाच्या सोबतीत हजारो वर्षे घालवूनही खुराड्यातली गावरान कोंबडी संध्याकाळ होताच उंच जागाच शोधते.

तथापि, उबवणी यंत्रात एकवीस दिवसांनी अंड्याबाहेर आलेले आणि दिव्याच्या उबेत वाढलेले पिलू पुष्कळदा असे करीत नाही. नव्या खुराड्यात दांडी समोर असूनही अशी पिले जमिनीवरच्या तुसात, एखाद्या कोपऱ्यात, एकमेकांवर रेटून झोपतात, आणि त्या गर्दीत खाली सापडलेली पिले कधी गुदमरून मरतात. वासना जन्माबरोबर आलीच असेल तर ती येथे मुकी का राहते? स्वभाववाद्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही, कारण चुंबक जवळ असताना लोखंड कधी विसरत नाही.

या अडचणीतून वाट दाखवणारी संकल्पना न्यायदर्शनातच आहे, आणि आत्म्याच्या नित्यत्वाच्या सिद्धीपेक्षा तीच अधिक टिकाऊ ठरते. ती म्हणजे ‘उद्बोधक’, सुप्त संस्काराला जागे करणारे निमित्त. स्मरणाची अशी वीसहून अधिक निमित्ते न्यायसूत्रांत मोजलेली असून त्यांत अभ्यास, सादृश्य आणि संबंध यांचा समावेश आहे. पिलाच्या बाबतीत हे उद्बोधक म्हणजे त्याची आई. खुडूक बसून पिले काढणारी कोंबडी पहिले काही आठवडे त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवरच झोपते, नंतर एका संध्याकाळी ती पुन्हा दांडीवर चढते आणि पिले तिच्यामागे धडपडत वर जातात. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ मध्ये पिलांच्या उपजत प्रवृत्तींवर प्रसिद्ध केलेल्या निबंधात नोंदवले आहे की आठ-दहा दिवसांपर्यंत आईची साद न ऐकलेले पिलू पुढे ती ऐकूनही न ऐकल्यासारखे वागते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, पहिले आठ आठवडे दांडी न मिळालेल्या कोंबड्यांना पुढे उंचावरचे अन्न गाठणे अधिक जड गेल्याचे आढळले. याचा अर्थ असा की उपजत म्हणून जे ओळखले जाते त्यालाही आपली वेळ आणि आपला गुरू लागतो.

यंत्राने आईची ऊब उचलली, पण तिचे वर चढणे उचलले नाही. त्यामुळे ते कर्तव्य यंत्र वापरणाऱ्या माणसाकडे येते, आणि त्याला केवळ सोय किंवा उत्पादनवाढीचा उपाय म्हणणे अपुरे आहे. ज्याने पिलाचा गुरू काढून घेतला त्याच्यावर गुरूच्या कामाचे ऋण उरते. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशात अंडी देणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे किमान १५ सेंटीमीटर दांडीची अट घातली, ही या ऋणाची कायद्यातली कबुली मानता येईल. मात्र कायद्याने दांडी मिळते, तिच्यावर चढवणारा हात मिळत नाही.

त्या हाताचे काम अवघड नाही, परंतु त्याला सातत्य हवे. पिले लहान असतानाच जमिनीपासून वीतभर उंचीवर, कडा गोल केलेली आणि पायांनी नीट पकडता येईल अशी दांडी ठेवावी व पिले वाढतील तशी ती वर न्यावी. मोठ्या खुराड्यात ही दांडी अंडी घालण्याच्या खोक्यांपेक्षा उंच असावी, नाहीतर पक्षी खोक्यांतच झोपून ती घाण करतात. कोंबडीला मंद प्रकाशात फार कमी दिसते, म्हणून अंधार पडल्यावर एकेक पिलू अलगद उचलून दांडीवर ठेवले तर ते बहुधा खाली उतरत नाही. हे ओळीने काही रात्री करावे लागते. त्यांतले एखादे पिलू आपण होऊन चढू लागले की बाकीची त्याच्यामागे जातात. ज्यांच्या अंगणात यंत्रातून आलेली पिले वाढत आहेत, त्यांनी दिवस मावळल्यावरची तेवढी घटका या कामासाठी राखून ठेवावी.